मोराव्हियात जन्मलेले नामवंत: यादी करताना कोण आत, कोण बाहेर

प्रश्न असा आहे: मोराव्हिया या मध्य युरोपातल्या प्रदेशात जन्मलेल्या नामवंतांची मराठीत यादी करायची आहे, पण उपलब्ध याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. मेंडेल एका यादीत सापडतो, दुसरीत नाही. संगीतकार माहलर कुठे आहे, कुठे नाही. मनोविश्लेषक फ्रॉइड ‘ऑस्ट्रियन’, तर्कशास्त्रज्ञ गोडेल कुठे ‘चेक’ तर कुठे ‘अमेरिकन’. मग धरायचे काय?

आधी सीमा धरा, नावे नंतर. याद्या जुळत नाहीत याचे मुख्य कारण माहिती खोटी असते हे नसून, प्रत्येकाने मोराव्हिया वेगळा धरलेला असतो हे आहे. म्हणून पहिले नाव लिहिण्याआधी तीन गोष्टी कागदावर ठरवून टाका: कोणत्या काळची सीमा, ‘जन्म’ म्हणजे कोणती नोंद, आणि देश कोणत्या दिवसाचा लिहायचा. एवढे ठरले की बहुतेक वाद जागच्या जागी मिटतात. जे मिटत नाहीत त्यांच्यासाठी टीप लिहायची असते, हुज्जत घालायची नसते.

आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या नकाशावर मोराव्हिया नावाचा एकसंध प्रशासकीय प्रदेश नाही. ११८२ पासून हा मारग्रेव्हचा, म्हणजे सीमाप्रांताच्या सरदाराचा मुलूख होता. पुढे तो ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला. १९१८ नंतर तो चेकोस्लोव्हाकियाचा एक प्रांत झाला, १९२८ मध्ये सायलीशिया या उत्तरेकडच्या शेजारी प्रदेशाच्या चेक भागाशी जोडला गेला आणि १९४८ अखेर प्रांत ही व्यवस्थाच मोडीत निघाली. २००० पासून देशात प्राग धरून १४ विभाग आहेत. जुना मोराव्हिया त्यांपैकी पाच विभागांत मुख्यत्वे विखुरला आहे: दक्षिण मोराव्हिया, झ्लीन, ओलोमोउत्स, मोराव्हिया-सायलीशिया आणि व्हिसोचिना. त्याच्या कडा पार्दुबित्से आणि दक्षिण बोहेमिया या विभागांतही गेल्या आहेत. विभागांची नावे पाहून यादी केली की घोळ इथूनच सुरू होतो. नावात ‘मोराव्हिया’ असलेल्या विभागात सगळा मोराव्हिया नाही, आणि त्यात जे आहे ते सगळे मोराव्हिया नाही.

यादीसाठी १९१८ पूर्वीची ऐतिहासिक प्रांतसीमा धरावी, असे माझे ठाम मत आहे. नामवंतांपैकी निम्म्याहून जास्त त्या सीमेच्या काळातच जन्मले आहेत. शिवाय ती सीमा जुन्या नकाशांवर गावागणिक तपासता येते, आणि नंतर जन्मलेल्यांनाही तीच लावली तर यादी एकसारखी राहते.

ही सीमा लावून पाहा. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना वाचवणारा उद्योजक ऑस्कर शिंडलर २८ एप्रिल १९०८ रोजी स्वितावी येथे जन्मला. गाव आज पार्दुबित्से विभागात आहे आणि तो विभाग बोहेमियाचा, म्हणजे पश्चिमेकडच्या शेजारी प्रांताचा समजला जातो, पण स्वितावी जुन्या मोराव्हियातले. शिंडलर आत. अर्थशास्त्रज्ञ योझेफ शुम्पेटर (८ फेब्रुवारी १८८३) तर्शेश्तचा, वास्तुविशारद योझेफ होफमान (१५ डिसेंबर १८७०) बर्त्नित्सेचा. दोन्ही गावे आज व्हिसोचिना विभागात आणि दोन्ही मोराव्हियाच्या बाजूला. दोघेही आत. गुस्ताव माहलर ७ जुलै १८६० रोजी कालिश्ते येथे जन्मला. तेही व्हिसोचिनातच, पण बोहेमियाच्या बाजूला. माहलर बाहेर.

माहलर बाहेर गेला की लोक हमखास हरकत घेतात, कारण तो काही महिन्यांचा असतानाच घरचे मोराव्हियातल्या यिह्लावाला राहायला गेले आणि व्हिएन्नाच्या संगीतशाळेत जाईपर्यंत, म्हणजे १८७५ पर्यंत, तो तिथेच वाढला. उलट झिग्मुंड फ्रॉइड ६ मे १८५६ रोजी पर्शीबोरला जन्मला आणि १८५९ मध्येच घरच्यांबरोबर लाइपझिगला गेला, तिथून व्हिएन्नाला. पंधरा वर्षे राहिलेला बाहेर आणि तीन वर्षे राहिलेला आत, हे विचित्र वाटते खरे. पण यादी ‘जन्मलेल्यांची’ आहे. निकष वाकवून माहलरला आत घेतलात तर मग ब्रनो या मोराव्हियाच्या मुख्य शहरात शिकवणाऱ्या, तिथे कारखाने काढणाऱ्या प्रत्येकाला घ्यावे लागेल. पाण्याच्या टर्बाइनवाला व्हिक्टर काप्लान ब्रनोच्या जर्मन तंत्रविद्यालयात प्राध्यापक होता, पण जन्म ऑस्ट्रियातल्या म्युर्त्सत्सुश्लागचा. साखरेच्या चौकोनी वड्यांची कल्पना याकोब क्रिस्टोफ राट याने दाचित्से येथे काढली आणि १८४३ मध्ये त्याचे हक्क नोंदवले. दाचित्से आज दक्षिण बोहेमिया विभागात असले तरी जुन्या मोराव्हियातलेच, मात्र राट स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला. अशांसाठी वेगळी यादी करा आणि माहलरला तिच्यात पहिले स्थान द्या.

निकष वाकवण्याऐवजी मूळ यादीत एक रकाना वाढवा: ‘मोराव्हियात किती काळ’. वाचकाला याचा फार उपयोग होतो. फ्रॉइड तीन वर्षे. शुम्पेटर पाचच्या आसपास, वडील वारल्यावर आई त्याला घेऊन ग्राझला गेली. लेखक बोहुमिल ह्राबाल ब्रनोच्या झिदेनित्से भागात १९१४ मध्ये जन्मला, पण त्याचे लहानपण बोहेमियातल्या निंबुर्कमध्ये गेले आणि वाचक त्याला तिकडचाच समजतात. कुर्ट गोडेल १८ वर्षांचा होईपर्यंत ब्रनोतच होता. संगीतकार लेओश यानाचेक १८५४ मध्ये हुक्वाल्दीला जन्मला आणि ब्रनो त्याने जवळजवळ सोडलेच नाही. हे पाचही जण एकाच यादीत बसतात, पण मोराव्हियाशी त्यांचे नाते एकसारखे नाही, आणि ते एका आकड्याने कळते.

सीमेवरची आणखी काही ठिकाणे डोळ्यांत तेल घालून पाहावी लागतात. ओस्त्रावा शहर ओस्त्राविट्से नदीने दुभागले आहे. नदीलगत पश्चिमेची बाजू मोराव्हियाची, पूर्वेची सायलीशियाची. तिथे जन्मलेल्या खेळाडूंबद्दल नुसते ‘ओस्त्रावा’ लिहिले असेल तर शहराचा भाग शोधल्याशिवाय निकाल देऊ नका. टेनिसपटू पेट्रा क्विटोवा वाढली मोराव्हियातल्या फुल्नेकला, पण तिचा जन्म (८ मार्च १९९०) बीलोवेत्सचा, आणि ते सायलीशियातले. सगळ्यांत बोलके उदाहरण झाटोपेक नवराबायकोचे. एमिल आणि दाना दोघे एकाच दिवशी, १९ सप्टेंबर १९२२ रोजी जन्मले. २४ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एमिलने ५,००० मीटरचे आणि दानाने भालाफेकीचे सुवर्ण जिंकले, तेही एकाच दिवशी. पण एमिलचे कोपर्शिव्नित्से मोराव्हियात आणि दानाचे फ्रिश्तात सायलीशियात. नवरा आत, बायको बाहेर. इलाज नाही. तिचे नाव एमिलच्या नोंदीखाली टिपेत द्या.

दक्षिणेला वाल्तित्से नावाचे गाव आहे. आज ते दक्षिण मोराव्हिया विभागात, पण १९२० पर्यंत ते लोअर ऑस्ट्रियाचे होते. त्यापूर्वी तिथे जन्मलेला माणूस मोराव्हियाचा नव्हे. उत्तरेला ओसोब्लाहाच्या आसपास उलटा प्रकार आहे: चहूकडे सायलीशिया आणि मध्येच मोराव्हियाचे तुकडे. तिथल्या गावांना कायदा मोराव्हियाचा लागू होता आणि कारभार सायलीशियाचा होता. अशा गावातले नाव आले तर आत घ्या आणि टीप द्या.

आता मेंडेल. आपल्याकडे तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात भेटतो, वाटाण्याच्या प्रयोगांसकट, आणि ‘ब्रनोचा साधू’ म्हणूनच ओळखीचा असतो. त्यामुळे त्याचे जन्मस्थळ ब्रनो लिहिण्याची चूक सर्रास होते. ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठात तो १८४३ मध्ये दाखल झाला. जन्म १८२२ चा, हिन्चित्से या खेड्यातला, ज्याला जर्मनमध्ये हाइन्त्सेन्डोर्फ म्हणत. खेडे मोराव्हिया आणि ऑस्ट्रियन सायलीशिया यांच्या अगदी सीमेवर आहे. जर्मन चरित्रे ते सायलीशियात धरतात. मग त्याला मोराव्हियाच्या यादीत घेणारे चुकतात का? पूर्णपणे नाही. १७८३ पासून १८४९ पर्यंत दोन्ही प्रांतांचा कारभार एकत्र होता आणि तो ब्रनोतून चाले. म्हणजे मेंडेल जन्मला तेव्हा ही सीमा नकाशावर होती, पण कचेरी एकच होती. माझा सल्ला: त्याला यादीत घ्या, पण ‘सीमेवरचे’ असा वेगळा गट करून. कोणतीही खूण न करता तो आत घेतला तरी चूक आणि गुपचूप वगळला तरी चूक.

त्याची नोंद जुन्या दप्तरात शोधायला गेलात तर आणखी तीन अडचणी येतात आणि त्या शिकण्यासारख्या आहेत. पहिली, तिथे ‘ग्रेगोर’ सापडणार नाही. ते मठात घेतलेले नाव. दप्तरात योहान शोधावा लागतो. दुसरी, नोंद हिन्चित्सेच्या नव्हे तर शेजारच्या ग्रोस-पेटर्सडोर्फच्या चर्चच्या वहीत, कारण बाप्तिस्मा तिथे झाला. तिसरी, तारीख. २० जुलै आणि २२ जुलै अशा दोन तारखा चरित्रांतून फिरतात. वहीतली जन्मतारीख २० आहे, ती द्या आणि २२ चा उल्लेख टिपेत करा. दोन दिवसांच्या फरकाने आकाश कोसळत नाही, पण ‘दुसरीकडे वेगळे आहे’ असे सांगणारा वाचक येतोच. टीप असली की तो लगेच शांत होतो.

‘जन्म’ म्हणजे कोणती नोंद, हा दुसरा निर्णय इथून निघतो. कॅथलिक कुटुंबांची माहिती चर्चच्या वह्यांत मिळते. १७८४ पासून प्रत्येक गावाची जन्म, विवाह आणि मृत्यू यांची वही वेगळी ठेवावी असा सम्राट दुसऱ्या योझेफचा हुकूम होता, म्हणून त्यानंतरचे शोधणे खूप सोपे. रकान्यांमध्ये तारीख, घर क्रमांक, बाळाचे नाव, धर्म, औरस की अनौरस, आईबाप आणि धर्माचे आईबाप अशी माहिती असते. घर क्रमांकाला सोन्याचा भाव आहे. गावाचे नाव गोंधळाचे असले तरी क्रमांकावरून कुटुंब सापडते. मात्र पुढे काही गावांनी क्रमांक बदलले, त्यामुळे आजच्या पाटीवरचा आकडा आणि वहीतला आकडा वेगळा असू शकतो.

दक्षिणेकडच्या वह्या मुख्यतः ब्रनोच्या मोराव्हियन प्रांतीय अभिलेखागारात आहेत, उत्तरेकडच्या ओपावाच्या अभिलेखागारात. दोन्हीकडच्या वह्यांची चित्रे इंटरनेटवर फुकट पाहता येतात. ज्यू समाजाच्या वह्या बहुतांशी प्रागच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एकत्र आहेत. त्यामुळे फ्रॉइड किंवा तत्त्वज्ञ एडमुंड हुसेर्ल (८ एप्रिल १८५९, प्रोस्तेयोव) यांना त्यांच्या गावच्या चर्चच्या वहीत शोधणे म्हणजे वेळेचा अपव्यय. हुसेर्लने पुढे ख्रिस्ती धर्म घेतला, पण जन्माची नोंद त्याआधीची आहे. चेक कायद्याने जन्माची वही शेवटच्या नोंदीला शंभर वर्षे झाल्याशिवाय सार्वजनिक होत नाही. गेल्या शतकातल्या लोकांसाठी त्यामुळे अधिकृत चरित्रकोशावरच भागवावे लागते.

ज्यू नोंदींत आडनावाचा एक सापळा आहे. १७२६ पासून मोराव्हियात ज्यू कुटुंबांच्या संख्येवर मर्यादा होती. आकडा होता ५,१०६, नंतर तो ५,४०० केला. कुटुंबातल्या थोरल्या मुलालाच कायदेशीर लग्नाची परवानगी मिळे. धाकट्यांची लग्ने धर्माच्या रीतीने होत, पण सरकारी दप्तराला ती मान्य नसत. मुले मग अनौरस म्हणून आईच्या आडनावावर नोंदली जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालले. एखाद्या नामवंताच्या बापाची नोंद सापडत नसेल तर आजीचे आडनाव घालून पाहा, आणि ‘अनौरस’ या शब्दावरून चरित्रात भलते तर्क रचू नका.

हस्ताक्षर जर्मन वळणाचे असते, ते सरावाने जमते. खरी फसगत महिन्यांत होते. जुन्या कारकुनांनी सप्टेंबरसाठी ‘७बर’, ऑक्टोबरसाठी ‘८बर’, नोव्हेंबरसाठी ‘९बर’ आणि डिसेंबरसाठी ‘१०बर’ असे लिहिले आहे, लॅटिन आकड्यांच्या नावांवरून. घाईत ‘७बर’ वाचून जुलै टाकणारे कमी नाहीत. आठवा महिना म्हणून ऑगस्ट टाकणारेही आहेत. जन्मतारीख दोन याद्यांत नेमकी दोन महिन्यांनी वेगळी दिसली की आधी हाच संशय घ्या.

बाप्तिस्म्याचे गाव हेच जन्माचे गाव समजण्याची चूक भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माखच्या बाबतीत दिसते. विमानांच्या वेगाचा ‘माख अंक’ ज्याच्या नावाचा तो हा. जन्म १८ फेब्रुवारी १८३८, ख्रलित्से या ब्रनोजवळच्या खेड्यात. बाप्तिस्मा तुर्झानीला, म्हणून काही ठिकाणी जन्मस्थळ तुर्झानी दिसते. दोन्ही गावे आज ब्रनो शहरातच आहेत, त्यामुळे ‘ब्रनो’ लिहिणारे अगदीच चुकत नाहीत. तरी ‘ख्रलित्से, आता ब्रनोचा भाग’ असे लिहिणे केव्हाही बरे.

कोमेनियसचे, म्हणजे शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेन्स्कीचे, मात्र काही केल्या सुटत नाही. तारीख २८ मार्च १५९२. पण गाव? तो स्वतः कधी निव्नित्सेचा, कधी उहेर्स्की ब्रोदचा म्हणवून घेतो, आणि आडनाव कोम्ना या तिसऱ्या गावावरून आलेले. चर्चची नोंद नाही, त्यामुळे निकालही नाही. सुदैवाने तिन्ही गावे एकमेकांच्या शेजारी आणि तिन्ही मोराव्हियातच. यादीत ‘आग्नेय मोराव्हिया, गाव वादग्रस्त’ असे लिहून पुढे जा. तारखेचा वेगळा घोळ इथे नाही, कारण ग्रेगोरियन कालगणना मोराव्हियात १५८४ मध्येच आली होती.

गावांची नावे हा पुढचा मोठा खड्डा. जवळपास प्रत्येक गावाला एक चेक आणि एक जर्मन नाव आहे, आणि जर्मन चरित्रकोशात दुसरेच असते. पर्शीबोर म्हणजे जर्मनमध्ये फ्राइबेर्ग. नुसते फ्राइबेर्ग शोधले तर आधी समोर येते ते सॅक्सनीतले खाणींचे शहर, आणि फ्रॉइडचा जन्म जर्मनीत होतो! तसेच ‘ट्र्युबाऊ’. जर्मनमध्ये मोराव्हियन ट्र्युबाऊ आणि बोहेमियन ट्र्युबाऊ अशी दोन गावे आहेत, चेकमध्ये मोराव्स्का तर्शेबोवा आणि चेस्का तर्शेबोवा. विशेषण गाळले की माणूस सीमेपलीकडे जाऊन पडतो. ‘ब्रोद’ नावाची गावे तर अनेक. उहेर्स्की ब्रोद मोराव्हियात, हाव्लिच्कूव ब्रोद बोहेमियात, आणि हे दुसरे १९४५ पर्यंत वेगळ्याच नावाने, न्येमेत्स्की ब्रोद म्हणून ओळखले जाई.

झ्लीनचे तर नावच चाळीस वर्षे बदलले होते. १९४९ पासून १९८९ अखेरपर्यंत ते गोट्वाल्दोव. इव्हाना ट्रम्प, माहेरची झेल्निच्कोवा, २० फेब्रुवारी १९४९ ला तिथे जन्मली, म्हणून तिच्या कागदांवर गोट्वाल्दोव. नाटककार टॉम स्टॉपार्ड तिथलाच, पण ३ जुलै १९३७ चा, म्हणून झ्लीन. दोन शहरे समजून दोन ओळी करू नका.

झ्लीनवर थोडे थांबावे लागेल, कारण मराठी वाचकाला या यादीतले सर्वांत जवळचे नाव तिथले आहे: बाटा. आपल्याकडे अनेकांना बाटा ही कंपनी भारतीयच वाटते. टोमाश बाटा ३ एप्रिल १८७६ रोजी झ्लीनला जन्मला. १८९४ मध्ये भाऊ आन्तोनीन आणि बहीण आन्ना यांच्याबरोबर त्याने बुटांचा धंदा काढला आणि १२ जुलै १९३२ रोजी ओत्रोकोवित्से येथे विमान अपघातात तो गेला. कोलकात्याजवळचे बाटानगर १९३४ चे, म्हणजे ते त्याने वसवलेले असू शकत नाही. तेव्हा कारभार सावत्र भाऊ यान आन्तोनीन बाटाकडे होता. हा १८९८ चा, उहेर्स्के ह्रादिश्ते गावचा. तोही यादीत येतो. पण टोमाशचा मुलगा, ज्याने युद्धानंतर कॅनडातून कंपनी चालवली, तो टोमाश यान, त्याचा जन्म १९१४ मध्ये प्रागला. तो यादीत नाही. एकाच घरातले तिघे सरसकट ‘झ्लीनचे बाटा’ म्हणून टाकले की दोन चुका पदरात पडतात. स्टॉपार्डही याच धाग्यातला. त्याचे जन्मनाव टोमाश श्ट्राउस्लर. वडील बाटाच्या इस्पितळात डॉक्टर. १९३९ मध्ये कुटुंब सिंगापूरला गेले, तिथून आई मुलांना घेऊन भारतात आली, तो दार्जिलिंगच्या शाळेत शिकला. आईने स्टॉपार्ड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याशी दुसरे लग्न केल्यावर १९४६ मध्ये तो इंग्लंडला पोचला. शोधताना नेहमी दोन्ही आडनावे घाला.

भारतीय साधने चाळताना आणखी एक सावधगिरी हवी. लडाखमधल्या लेह आणि लाहौलमधल्या केलाँग इथल्या ‘मोराव्हियन’ मिशनऱ्यांचा उल्लेख वारंवार येतो. तिथे मोराव्हियन हे पंथाचे नाव आहे, जन्मभूमीचे नव्हे. मोराव्हियातून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांनी सॅक्सनीतल्या हेर्नहुटला वस्ती केली आणि पंथ तिथून वाढला. तिबेटी भाषेचा कोश करणारा ह. आ. येश्के हेर्नहुटचाच आणि लडाखचा अभ्यासक ऑगस्ट हेर्मान फ्रांके प्रशियन सायलीशियातला. दोघांनाही यादीत स्थान नाही. उलट अमेरिकेत मूळ रहिवाशांमध्ये काम केलेला डाव्हिड त्साइसबेर्गर (१७२१) पंथानेही मोराव्हियन आणि जन्मानेही, सुखदोल या गावचा. तो हक्काने आत. असाच दुर्लक्षित माणूस गेओर्ग योझेफ कामेल, १६६१, ब्रनो. फिलिपिन्समध्ये वनस्पती गोळा करणारा हा जेझुइट, कॅमेलिया हे फूल त्याच्याच नावाचे.

तिसरा निर्णय देशाचा. ‘जन्म: ब्रनो, चेक प्रजासत्ताक’ हे १९९३ पूर्वी जन्मलेल्या कोणालाही लावू नका. १८०४ ते १८६७ ऑस्ट्रियन साम्राज्य, १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी, मग चेकोस्लोव्हाकिया, १५ मार्च १९३९ पासून १९४५ पर्यंत जर्मनांच्या ताब्यातले ‘संरक्षित राज्य’, १९९२ अखेरपर्यंत पुन्हा चेकोस्लोव्हाकिया. जर्मनभाषक बहुसंख्य असलेला सीमेलगतचा पट्टा तर १९३८ च्या ऑक्टोबरातच जर्मनीत गेला होता, त्यामुळे स्वितावीसारख्या गावांना ही तारीख आणखी आधी लागते. वास्तुविशारद एव्हा यिरझिच्ना ३ मार्च १९३९ ला झ्लीनमध्ये जन्मली. बारा दिवस उशीर झाला असता तर तिच्या नावापुढे दुसरे राज्य लिहावे लागले असते.

नागरिकत्व आणि जन्मदेश हे दोन वेगळे रकाने ठेवा, एकात कोंबू नका. गोडेल (२८ एप्रिल १९०६) ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मला, १९१८ मध्ये आपोआप चेकोस्लोव्हाक झाला, १९२९ मध्ये ऑस्ट्रियन आणि १९४८ मध्ये अमेरिकन. घरची भाषा जर्मन. त्याला ‘चेक गणिती’ म्हणणे कोणत्याही अर्थाने बसत नाही. कादंबरीकार मिलान कुंदेरा १९२९ मध्ये ब्रनोला जन्मला. त्याचे चेकोस्लोव्हाक नागरिकत्व १९७९ मध्ये काढून घेतले, १९८१ मध्ये तो फ्रेंच झाला आणि २०१९ मध्ये त्याला चेक नागरिकत्व मिळाले.

निवड करताना एक जुना दोष टाळा. १९४५ नंतर जर्मनभाषकांना देशाबाहेर घालवण्यात आले आणि त्यानंतर अनेक चेक याद्यांतून जर्मनभाषक गळत गेले. उलट जर्मन याद्यांत यानाचेक, राष्ट्राध्यक्ष मासारिक (१८५०, होदोनीन), इतिहासकार पालात्स्की (१७९८, होद्स्लावित्से), चित्रकार मुखा (१८६०, इवान्चित्से) शोधावे लागतात. दोन्ही बाजूंच्या याद्या शेजारी ठेवल्याशिवाय मोराव्हिया पुरा दिसत नाही. १८७० च्या डिसेंबराचेच पाहा: १० तारखेला ब्रनोत वास्तुविशारद आडोल्फ लोस, १४ ला दोल्नी दुनायोवित्सेत पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झालेला कार्ल रेनर, १५ ला होफमान. सहा दिवसांत तिघे, आणि तिघांचेही नाव झाले ते व्हिएन्नात.

फक्त मोठ्या शहरांतून नावे गोळा केलीत तर प्रोस्तेयोवसारखी गावे सुटतात. हुसेर्लच्याच गावात १९१३ मध्ये ओटो विख्तर्ले जन्मला, मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा जनक. १९६१ च्या नाताळात त्याने घरच्या टेबलावर मुलांच्या ‘मेर्कुर’ या खेळण्यातल्या पट्ट्या-चाकांचे यंत्र जोडले, त्याला सायकलचा डायनॅमो लावला आणि साचा फिरवून लेन्स ओतल्या. अशी एक ओळ नोंदीत असली की वाचक ते नाव विसरत नाही. ‘थोर शास्त्रज्ञ’ एवढेच लिहिले तर कोणाच्याच लक्षात राहत नाही.

राहिली देवनागरी. चेक ‘सी’ नेहमी त्स, कधीही क नाही: ओलोमोउत्स, हिन्चित्से. वर टोपी असलेला ‘सी’ म्हणजे च: यानाचेक. ‘जे’ म्हणजे य. टोपीवाला ‘आर’ मराठीत नाही. स्वरांमध्ये रझ आणि प, त यांच्यानंतर आला तर र्श लिहिले की काम भागते: पर्शीबोर, तर्शेश्त. बायकांच्या आडनावाला ‘ओवा’ किंवा ‘आ’ लागते: नोव्होत्नीची नोव्होत्ना. त्यामुळे भाऊबहिणींची आडनावे वेगळी दिसली तरी ती चूक नव्हे. रूढ झालेली रूपे, म्हणजे फ्रॉइड, मेंडेल, बाटा, उगाच ‘सुधारू’ नका.

चेक सूचीत शोधताना वर्णक्रमही लक्षात ठेवा. ‘सी’ आणि ‘एच’ मिळून होणारा ख हा तिथे स्वतंत्र वर्ण आहे आणि तो ‘एच’च्या नंतर येतो. टोपीवाले ‘सी’, ‘आर’, ‘एस’ आणि ‘झेड’ आपापल्या साध्या अक्षरानंतर वेगळ्या गटात लागतात. ख्रलित्से ‘सी’खाली सापडले नाही म्हणून ‘असे गाव नाही’ अशी टीप टाकू नका. पाने उलटून ‘एच’ संपल्यावर पाहा, तिथे ते असते.